दहा दिवसांचं बिल

पहाटे ४.४५

आमच्या गल्लीत गजर कुणी लावत नाही. पावणेपाचला कुणाची तरी म्हैस रेकते, तिच्या मागोमाग चार गोठे जागे होतात. बादलीची कडी वाजते, नळाखाली पाणी पडतं, कुणी खोकतं. जानेवारीचा महिना, दूधगंगेवरचं धुकं थेट अंगणात येतं. अंथरुणातून उठवत नाही, पण जनावराला सणवार नसतो आणि सुट्टीही नसते.

मी आमच्या गावच्या महिला दूध संस्थेची सचिव. गाव कागल तालुक्यातलं, नदीकाठचं, उसाचं. चौदा वर्षं हे काम करते आहे. घरी दोन म्हशी. एक पंढरपुरी, पाठीपर्यंत गेलेल्या लांब शिंगांची. दुसरी मुऱ्हा; सासऱ्यांनी कर्ज काढून हरियाणातून आणलेल्या म्हशीची ही नात. संस्था उघडायच्या आधी या दोघींची धार काढायची असते.

कोमट पाण्यानं कास धुवायची, रेडकाला दोन घोट पिऊ द्यायचे, म्हैस पान्हावली की मूठ भरून धार काढायची. अंगठा दुमडून काढली तर सडाला इजा होते, हे सासूबाईंनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात शिकवलं. रिकाम्या बादलीत पहिली धार टणटण वाजते. बादली भरत आली की तोच आवाज जड होतो आणि फेस वर चढतो. शेवटची धार मात्र कधी सोडायची नाही, कारण सगळ्यांत जास्त स्निग्धांश त्या धारेतच असतो. आज तासाभरात याच गोष्टीवरून बोलणं होणार होतं.

५.४०

संस्थेचं शटर वर केलं तेव्हा ओट्यावर किटल्यांची रांग लागलेली होती. बायका मागं शेकोटीजवळ, किटल्या पुढं नंबरात. एकीची किटली दुसरी कुणी पुढं सरकवत नाही, मागं तर मुळीच नाही.

किटली काट्यावर ओतायची, पळीभर नमुना घ्यायचा, तो मशीनखाली धरायचा. थोड्या वेळात पडद्यावर फॅट, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग), लिटर, दर आणि रक्कम उमटते, पावती बाहेर येते. म्हशीच्या दुधाला सहा फॅट आणि नऊ एसएनएफ हा पाया. त्याच्या वर गेलं तर दर चढतो, खाली आलं तर उतरतो.

सासूबाई सभासद झाल्या तेव्हा हे काचेच्या नळीत व्हायचं. दहा मिलिलिटर गंधकाम्ल, त्यावर पावणेअकरा मिलिलिटर दूध, एक मिलिलिटर अमाइल अल्कोहोल. नळी बूच लावून हलवायची. ती हातात चटका बसेल इतकी तापायची. मग यंत्रात गरगर फिरवायची आणि वर तरंगलेल्या पिवळ्या फॅटची रेघ मोजायची. जुन्या टेस्टर मामांच्या सदऱ्याला ॲसिडनं पडलेली भोकं मी लहानपणी माहेरी पाहिली आहेत. त्या नळीनं खेड्यात मोठी गोष्ट केली. त्याआधी गवळ्याच्या मापावर आणि त्याच्या शब्दावर भाव ठरायचा. नळी आल्यावर माझ्या दुधात किती सत्त्व आहे ते माझ्या डोळ्यांदेखत ठरू लागलं.

आज रांगेत सातव्या नंबरला आक्का होत्या. त्यांची पावती निघाली आणि त्या तिथंच थांबल्या.

“ताई, मशीन बघा जरा. काल सात-दोन लागलीती, आज पाच-आठ? पाणी घालायला मी काय येडी न्हाई.”

पाणी नव्हतंच. पाणी असतं तर एसएनएफही उतरला असता, तो नऊच्या वरच होता. मी नमुना पुन्हा लावला. पुन्हा पाच-आठ.

“आज धार कुणी काढली आक्का?”

“नातवानं. मला थंडी सोसंना झालीया.”

“मग रेडकू कवा सोडलं?”

“धार झाल्यावर. लई वेळ पीत हुतं.” आणि बोलता बोलता त्या स्वतःच थांबल्या. “म्हंजी शेवटची धार त्यानंच प्याली म्हणा की!”

मागची बाई हसली, आक्काही हसल्या. पण त्या पावतीत आज जी रक्कम कमी झाली ती त्यांच्यासाठी खरी रक्कम आहे. म्हणून मी पावतीच्या मागं कारण लिहून दिलं. पंचाहत्तरीच्या या बाईंचा माझ्या मशीनवरचा विश्वास मला दूध संघाच्या कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त जपायचा असतो.

देशात दुधाचं एवढं मोठं काम उभं राहिलं ते अशा रांगांवर. १९४६ साली गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यात शेतकऱ्यांनी आपला सहकारी संघ काढला. १९६५ साली राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ आलं, १९७० साली दुधाचा महापूर ही योजना सुरू झाली. आमच्या कोल्हापूरच्या जिल्हा संघाची स्थापना १९६३ ची, म्हणजे राष्ट्रीय मंडळाच्याही आधीची. १९९८ पासून दूध उत्पादनात भारत जगात पहिला आहे. २०२३-२४ मध्ये देशात सुमारे २३.९ कोटी टन दूध निघालं. हा आकडा वाचला की मोठमोठे फार्म डोळ्यांपुढं येतात, पण यातलं बहुतेक दूध दोन-तीन जनावरांच्या गोठ्यांतून आलेलं आहे. आठ कोटींहून जास्त शेतकरी कुटुंबं यात आहेत आणि शेतमालातला कुठलाही एक जिन्नस देशाच्या उत्पन्नात दुधाइतकी भर घालत नाही. आक्कांची साडेतीन लिटरची किटली त्या आकड्यातच धरलेली आहे.

७.४५

गाडी आली. चाळीस लिटरचे कॅन दोघं मिळून वर चढवतात. कासेतून निघालेलं दूध अंगाच्या उबेइतकं गरम असतं, ते चार अंश सेल्सिअसपर्यंत लवकरात लवकर खाली आणावं लागतं. तीन-चार तास गेले की जंतू वाढतात आणि दूध नासायला लागतं. म्हणून गाडीवाल्या दादांना चहा पाजायचा तो उभ्या उभ्या.

गाडी गेली की माझ्या छातीवरचं ओझं उतरतं, आणि याला कारण आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गाडी आलीच नाही. गावाचे दोन्ही रस्ते पाण्याखाली, तिकडं शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद. मुंबईत दुधाच्या पिशव्या कमी पडल्या अशी बातमी टीव्हीवर चालू होती आणि इथं आमच्या ओट्यावर दूध उभं होतं. बायकांनी लोणी काढलं, तूप कढवलं, खवा आटवला, रेडकांना पोटभर पाजलं, पूर आलेल्या घरांना वाटलं. तरीही तिसऱ्या दिवशी मी माझ्या हातानं कॅन मोरीत ओतले. त्या दुधाची नोंद मी वहीत लाल शाईनं केली आहे. २०२१ च्या जुलैत पुन्हा तसंच पाणी आलं. पाऊस पूर्वीही पडायचा, आता तो चार दिवसांत महिन्याचा पडतो. शाश्वत विकास हा शब्द मी नंतर ऐकला. तो काय असतो आणि नसला की काय होतं, ते मोरीजवळ उभं राहून आधी पाहिलं होतं.

८.३०

आता दुसरा निम्मा धंदा. याची पावती निघत नाही.

दुधाची म्हैस दिवसाला पंधरा किलोच्या आसपास शेण टाकते. माझ्याकडं दोन म्हशी आणि एक मोठी रेडी. परसात दोन घनमीटरचं गोबर गॅस संयंत्र आहे, त्याला रोज साधारण पन्नास किलो शेण लागतं. कमी पडतं ते शेजारच्या वैनी पाटीभर देतात आणि बदल्यात दोन बादल्या स्लरी घेऊन जातात. हा व्यवहार गेली सहा वर्षं एकही पैसा न मोजता चाललेला आहे.

शेण कुंडीत टाकायचं, तेवढंच पाणी घालायचं, दांडा फिरवून कालवायचं. काडी, खडा, वैरणीचा तुकडा हातानं वेचून काढायचा, नाहीतर आतली वाट बंद होते. मग बूच उपसलं की तो पातळ काला सावकाश आत जातो, आणि तितकीच स्लरी पलीकडच्या तोंडातून बाहेर येते. तिला वास नाही. पहिल्यांदा मला हे खरं वाटलं नव्हतं. मी ओंजळीत घेऊन हुंगून पाहिली होती. उकिरड्यावर उघडं पडलेलं शेण आठवडाभर माश्या पोसतं, आणि हेच शेण हवाबंद घुमटातून बाहेर आलं की काळसर, मऊ, ओल्या मातीसारखं होतं.

स्वयंपाकघरात शेगडी पेटवली. निळी ज्योत, टोकाला किंचित पिवळी. थंडीत गॅस कमी तयार होतो, त्यामुळं भाकरी आणि आमटी यावर, आंघोळीचं पाणी चुलीवर. उन्हाळ्यात सगळंच यावर होतं आणि सिलिंडर तीन-तीन महिने बदलावा लागत नाही.

देशात जेवढा स्वयंपाकाचा गॅस जळतो त्यातला निम्म्याहून जास्त, सुमारे साठ टक्के, बाहेरून आणावा लागतो. पालाश खत तर आपण जवळजवळ पूर्ण आयात करतो. माझ्या परसातल्या घुमटानं यातला थोडा गॅस आणि थोडं खत वाचवलं. हे लिहून ठेवायला कुणाकडंच वही नाही. दूध बाहेर गेलं म्हणून ते मोजलं जातं. शेण घरातच फिरतं, म्हणून ते कुणाच्या हिशेबात येत नाही. चौदा वर्षं हिशेब लिहून मला हेच सगळ्यांत जास्त खटकतं: खेड्यानं देशाला काय दिलं हे विचारलं, की जे ट्रकमधून बाहेर पडलं तेवढंच सांगतात.

दुसरी बाजूही लिहायला हवी. म्हैस रवंथ करते तेव्हा तिच्या पोटात मिथेन तयार होतो आणि तिच्या श्वासावाटे, ढेकरेवाटे हवेत जातो. हवा तापवण्यात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटींहून जास्त जोराचा. आपल्या शेतीतल्या मिथेनचा मोठा भाग रवंथ करणाऱ्या जनावरांचा आहे. घुमट शेणाचा मिथेन पकडतो, ढेकरेचा नाही. त्याला उपाय म्हणजे चारा नीट देणं, क्षारमिश्रण देणं, आणि दहा भाकड जनावरं सांभाळण्यापेक्षा तीन चांगली दुधाची सांभाळणं, म्हणजे एका लिटरमागं मिथेन कमी पडतो. पशुखाद्याच्या पोत्याबरोबर मी हे प्रत्येकीला सांगते. सगळ्या ऐकतात असं नाही.

थोडं शेण बाजूला काढून त्याच्या शेणी. माझ्या सासूबाई अजून थापतात. त्यातल्या शंभर-दोनशे दर होळीला कोल्हापूरला पंचगंगा स्मशानभूमीसाठी जातात. कोल्हापुरात दहन शेणींवर होतं आणि होळी लहान करून शेणी दान करायची रीत शहरानं लावून घेतली आहे. गोठ्यातल्या शेणीनं झाड वाचतं, आणि ज्याचं कुणी नाही त्या माणसाचं शेवटचं कामही होतं. सासूबाई थापताना हे बोलत नाहीत. चांगल्या गोल, पातळ शेणी मात्र बाजूला ठेवतात आणि म्हणतात, “ह्या कोल्लापूरच्या.”

१०.००

वैरण आणायला शेतात. ऊसतोड चालू आहे. टोळी बीडकडची, पाचटाच्या खोप्या आमच्याच रानात. उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याकडचा हिरवा पाला, ही तोडकऱ्यांची वरकमाई. पेंढी बांधून ते गोठेवाल्यांना विकतात, त्यातून मीठमिरचीचा रोजचा खर्च भागवतात. कारखान्याकडच्या मजुरीचा हिशेब मुकादमाकडं असतो. वाड्याचे पैसे मात्र रोख आणि बाईच्या हातात. टोळीतल्या एका पोरीनं, असेल तेरा-चौदा वर्षांची, मला दोन पेंढ्या मोजून दिल्या आणि सुट्टे पैसे अगदी बरोबर परत केले. शाळेत असायला हवी होती ती. तिचं गाव कोरडं, आमचं गाव ओलं. आमच्या म्हशी तिच्या वाड्यावर दूध देतात.

वाडं फुकटाच्या मोलानं मिळतं म्हणून काहीजणी जानेवारी-फेब्रुवारीत दुसरं काही घालतच नाहीत. वाड्यातल्या ऑक्झॅलेटमुळं जनावराच्या अंगातलं कॅल्शियम कमी होतं आणि व्यायल्यावर म्हैस बसते. म्हणून मी निम्मं वाडं, निम्मी मका आणि हत्ती गवत, वर सरकी पेंड. बांधावर लावलेल्या हत्ती गवताला ठिबकचं पाणी. ऊस किती पाणी पितो हे आम्हाला कळत नाही असं नाही. धरणाचं पाणी आहे म्हणून तो लावला जातो, आणि जमीन खारवट झालेल्या पट्ट्यात आज कुसळही उगवत नाही. तो पट्टा माझ्या दिरांचा आहे. रोज त्याच्या कडेनं जावं लागतं.

११.३०

आज अकरा तारीख, बिलाचा दिवस. महिन्यातून तीनदा, दर दहा दिवसांनी.

बिलाच्या दिवशी संस्थेत वेगळीच गर्दी असते. पैसे खात्यावर जमा होतात, तरी बायका येतात, कारण त्यांना कागद हातात हवा असतो. मी एकेकीचं वाचून दाखवते: एवढे लिटर, सरासरी फॅट, एकूण रक्कम, त्यातून पशुखाद्याच्या पोत्याचे एवढे, म्हैस कर्जाचा हप्ता एवढा, शिल्लक एवढी. दिवाळीला वर्षाच्या दुधावर फरक मिळतो, त्याची वाट सगळं घर बघतं.

उसाचं बिल वर्षातून एकदा-दोनदा येतं आणि ते घरच्या मालकाच्या नावावर येतं. त्यातून सोसायटीचं कर्ज फिटतं, विहिरीचं काम होतं, मुलीचं लग्न होतं. दुधाचं बिल दहा दिवसांचं, लहान, आणि आमच्या संस्थेत ते बाईच्या नावावर जातं. त्यातून दवाखाना होतो, शाळेची फी भरली जाते, डोळ्याचा चष्मा येतो, पोराच्या एसटीच्या पासाचे पैसे निघतात. आमच्या गावातल्या दोन मुली आज कोल्हापुरात नर्सिंग शिकतात. त्यांच्या घरात शेतजमीन पंधरा गुंठे आहे. दोघींच्या आयांची बिलं मी सात वर्षं लिहिली आहेत, कुठल्या महिन्यात किती उचल घेतली ते मला पाठ आहे.

२०२० च्या टाळेबंदीत हॉटेलं, मिठाईची दुकानं बंद पडली आणि दूध नको झालं. गावात जादा दर देऊन दूध नेणारा एक खासगी संकलक होता. त्यानं गाडी बंद केली आणि तीन बिलं ठेवून गेला. माझ्या चुलत जावेचे पैसे त्यात अडकले, आजही मिळालेले नाहीत. सहकारी गाडी मात्र येत राहिली. दर कमी झाला, दूध परत गेलं नाही. त्या वर्षी आमचे अकरा सभासद परत आले. मी कुणाला काही बोलले नाही, फक्त वहीत त्यांचे जुने नंबर होते तेच पुन्हा दिले.

दीड वाजता एक काकू शेवटी राहिल्या. सगळ्या गेल्यावर जवळ आल्या आणि म्हणाल्या, “ताई, ह्या बारीला शिल्लक घरात सांगू नका. मला डोळ्याचं ऑपरेशन करायचंय, ते नको म्हणत्यात.” मी कागद घडी करून त्यांच्या हातात दिला. खातं त्यांचं, शिल्लक त्यांची.

२.३०

ग्रामपंचायतीत बैठक. पुढच्या वर्षाचा गाव विकास आराखडा अंतिम करायचा आहे, सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत तो वाचायचा आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं मान्य केली, २०३० ही त्यांची मुदत. केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयानं ग्रामपंचायतींना पेलावीत म्हणून त्यांच्या नऊ संकल्पना केल्या: गरिबीमुक्त गाव, आरोग्यदायी गाव, बालस्नेही गाव, जलसमृद्ध गाव, स्वच्छ आणि हरित गाव आणि अशाच पुढच्या. भिंतीवर रंगीत तक्ता आहे. मला तो तक्ता आवडतो. त्यातली प्रत्येक गोष्ट मला आमच्या गावात बोट दाखवून सांगता येते.

स्वच्छ आणि हरित गाव यापुढं लिहिलं होतं: कचराकुंड्या, एलईडी दिवे, वृक्षारोपण. मी हात वर केला. म्हटलं, गावात चाळीसच्या वर गोबर गॅस संयंत्रं आहेत आणि त्यातली निम्मी बंद आहेत. घुमटाला तडा गेला, नळी कुजली, बांधणारा गवंडी वारला आणि नवा कुणी शिकला नाही. नवं संयंत्र बांधायचं सगळे बोलतात, जुन्याच्या दुरुस्तीकडं कुणी बघत नाही. वित्त आयोगाच्या पैशातून किंवा कुठल्याही सदरातून दोन पोरांना हे गवंडीकाम शिकवा आणि बंद संयंत्रं चालू करा. नदीच्या बाजूच्या गल्लीचं शेण पावसात धुपून गटारातून दूधगंगेत जातं, ते तरी थांबेल.

एक सदस्य म्हणाले, “ताई, दूध संस्थेचं काम संस्थेत. हे ग्रामपंचायतीत कशाला?”

मी विचारलं, “शेण कुणाच्या हद्दीत पडतं अण्णा?”

ग्रामसेवक भाऊ चांगला माणूस आहे. त्यानं पेन काढलं आणि विचारलं, “आकडा द्या. किती शेण, किती संयंत्रं, किती गॅस, किती खत. आकडा नसला तर वर मंजूर होत नाही.”

तिथं मी गप्प झाले. आकडा माझ्याकडं नव्हता. चौदा वर्षांत मी प्रत्येक थेंब दूध लिहिलं, आणि शेणाची एक पाटी लिहिली नाही. बाहेरचे मोजत नाहीत म्हणून मी सकाळीच मनात चरफडले होते, आणि मोजायला सगळ्यांत सोपं कुणाला असेल तर ते मलाच होतं. प्रत्येक सभासदाकडं किती जनावरं आहेत ते माझ्या दप्तरात आहे. जनावरांच्या कानातल्या बिल्ल्यांचे बारा आकडी नंबरसुद्धा आहेत. १९६४ च्या ऑक्टोबरात पंतप्रधान लालबहादूर शास्त्री आणंदजवळच्या एका खेड्यात रात्रभर राहिले, घराघरांत जाऊन बोलले, आणि त्यातून पुढच्या वर्षी दुग्धविकास मंडळ उभं राहिलं. खेड्यात काय चाललं आहे ते पाहायला तेव्हा पंतप्रधान आले होते. आमच्या गोठ्यातलं तर आम्हालाच लिहायला हवं.

भाऊला सांगितलं, ग्रामसभेच्या आधी आकडा देते. पंधरा दिवस आहेत.

४.१५

डॉक्टर आले होते. एका सभासदाची म्हैस माजावर, कृत्रिम रेतन केलं. दुसरीकडं लाळ-खुरकुताची लस राहिली होती ती दिली. २०२२ मध्ये लम्पीनं गाईंची दैना केली तेव्हापासून लसीच्या दिवशी गोठा बंद करून कुणी जात नाही.

५.३०

संध्याकाळचं संकलन. पुन्हा तीच रांग. ऊन उतरलं की ओट्यावर बायकांच्या गप्पा जास्त आणि घाई कमी. पोरं शाळेतून येऊन किटली घेऊन येतात, पावतीवरचं वाचून आईला सांगायचं काम त्यांचं. तिसरीतल्या एका मुलाला दशांश अपूर्णांक माझ्या पावतीवरून समजला, असं त्याच्या बाईंनी मला सांगितलं होतं.

आक्का आल्या. शाल घट्ट लपेटलेली, हात लाल झालेले.

“मीच काढली. बघा आता.”

मशीनवर सात-चार उमटलं. आक्कांनी पावती माझ्या हातातून घेतली नाही, आधी डोळे बारीक करून पडद्यावर वाचली आणि मगच पदराला बांधली.

आजच्या रांगेत मी प्रत्येकीला एक प्रश्न जादा विचारला: गोबर गॅस चालू आहे का, नसला तर शेण कुठं जातं? बऱ्याच जणींना प्रश्नाचं नवल वाटलं. एकीनं विचारलं, “का वो, त्याचं पण बिल काढायचं हाय का?” मी म्हटलं, आधी लिहून तर ठेवू. तिनं मग बोटांवर मोजून सांगितलं: सकाळी तीन पाट्या, संध्याकाळी दोन, त्यातली एक आईच्या घरच्या परड्याला, कारण तिकडं वांगी लावलीत. दुसरीनं सांगितलं की स्लरी घातल्यापासून भुईमुगाला युरिया निम्म्यावर आला. तिसरी म्हणाली, संयंत्र बंद आहे, पण त्यावर जाळी टाकून कोंबड्या ठेवल्यात. हे सगळं मला रोज दिसत होतं.

८.४५

जेवण झालं. भाकरी संध्याकाळच्या गॅसवर झाल्या, ज्योत शेवटी शेवटी बारीक झाली होती. सासूबाईंनी म्हशींच्या अंगावर पोती टाकली.

संस्थेतून एक कोरी फूलस्केप वही आणली होती. पट्टी घेऊन रेघा मारल्या. सभासद क्रमांक. जनावरं. संयंत्र चालू, बंद, नाही. शेण, पाट्यांत. स्लरी, बादल्यांत. कुठं गेली. युरियाची पोती गेल्या वर्षी, या वर्षी. सिलिंडर किती महिन्यांनी. शेवटचा रकाना दराचा आखला, कारण माझ्या हाताला तशीच सवय आहे.

सत्तावीस जणींची माहिती आज मिळाली ती एकेक करून उतरवली. आक्कांच्या नावापुढं तीन पाट्या, उकिरडा. काकूंच्या नावापुढं चार पाट्या, संयंत्र बंद. शेजारच्या वैनींकडं यायला दहा वाजले. त्यांच्या ओळीत लिहिलं: एक पाटी शेण बाहेर, दोन बादल्या स्लरी आत, परसात दोडका आणि मिरची.

दराचा रकाना मोकळा ठेवला आणि वही मिटली.